तांबड्या टिकलीचा नळ

स्वप्नाने निळ्या टिकलीचा नळ सोडला आणि धारेखाली थर्मामीटर धरला. पारा चढत चव्वेचाळीसवर थांबला. एरवी एवढ्यात स्वयंपाकघरातून "किती गो?" अशी हाक आली असती. आज साडेचार वाजले होते आणि घरात फक्त एसीचा आवाज होता.

गच्चीवरची टाकी दिवसभर तापत होती. डोळ्यांत धूळ गेलेली, मान घामाने चिकट झालेली. पण या पाण्याने तोंड धुणं शक्य नव्हतं.

सात वर्षांपूर्वी, आखातात नोकरीला येऊन सबाह अल-सालेम वस्तीतल्या याच फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर पहिल्या जूनमध्ये, तिने ड्यूटीवरून येऊन निळ्या नळाखाली सरळ डोकं घातलं होतं. किंकाळी ऐकून ताहिरा हातात उलथनं घेऊनच धावत आली होती.

"नवी हायस नं? हिथं उन्हाळ्यात निळा म्हणजे गरम नि तांबडा म्हणजे थंड. गीझर बंद केलान की त्यातलं पाणी सावलीत निवतं. तुमच्या बीएस्सीत नाय शिकवलान?"

ताहिरा श्रीवर्धनची, दवाखान्यातली नर्स, स्वप्नाहून बारा वर्षांनी मोठी. स्वप्ना लॅबमध्ये. तेव्हापासून मेच्या शेवटच्या आठवड्यात गीझर बंद करायचा दिवस दोघी मिळून ठरवायच्या. स्वप्ना तापमान मोजायची आणि ताहिरा धारेला मनगट लावायची.

"हात दिलाय नं अल्लानं. काच कशाला घालतेस पाण्यात?"

"हात सगळ्यांचे सारखे नसतात, आपा."

"म्हणूनच तर दिलाय," असं म्हणून ताहिराच खटका बंद करायची.

यंदा एप्रिलमध्ये पारा पहिल्यांदा चाळिशीवर गेला, त्या दिवशी ताहिराच्या दवाखान्यातून रक्ताच्या सहा नळ्या लॅबमध्ये आल्या. डबा गरम लागत होता. रक्त उष्णतेत राहिलं की त्यातली साखर उतरत जाते. ते किती वेळ राहिलं हे कळलं तरच आकड्याला अर्थ. नळ्यांवर नावं होती, तारीख होती, वेळ नव्हती. अक्षर स्वप्नाने ओळखलं. वर्षभरात ताहिराच्या नावावर आधीच दोन शेरे आहेत, हेही तिला ठाऊक होतं. फोन हाताशी होता. तिने नियमाप्रमाणे नमुने नाकारले आणि अहवाल लिहिला. अहवालात एकही शब्द खोटा नव्हता.

मेमध्ये ताहिराचा करार संपत होता. तो पुढे वाढला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ताहिरा बॅग भरत असताना स्वप्ना दारात उभी राहिली.

"वेळ लिहिलेली नव्हती, आपा. मी काय करणार होते?"

ताहिराने साडीची घडी मोडली, पुन्हा घातली.

"फोन करणार होतीस," ती म्हणाली.

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. रविवारी सकाळी स्वप्ना केस धुवायला गेली. केसांना तिला कढत पाणीच लागायचं, मे असो की डिसेंबर. तांबड्या नळाला जेमतेम कोमट पाणी आलं. ताहिराने आपल्या आधी उठून सगळं गरम पाणी उपसून टाकलं, मुद्दाम, असं तिला वाटलं. आणि तसं वाटल्यावर थोडं बरंही वाटलं. आज सोमवारी ताहिराची खोली उघडायच्या आत स्वप्ना बाहेर पडली. ड्यूटी दोनला संपली, पण नेहमीची बस सोडून ती आणखी दोन तास कपाटातल्या बाटल्या तारखेप्रमाणे लावत बसली.

फोन वाजला. ताहिराचा धाकटा भाऊ सर्फराज होता. जलीबहून गाडी घेऊन तोच बहिणीला विमानतळावर सोडायला आला होता.

"ताई, आत गेली ती. आता नाय दिसत. किल्ली तुमच्या दाराखालनं सरकवलीय."

"मिळाली."

"तीनला निघणार होतो. आपा गाडीत बसून म्हणते, पाच मिनटं थांब. मग म्हणते, अजून पाच." तो हसला. "मी म्हटलं, विमान काय आपल्या चाच्याचं हाय?"

"काही म्हणाली का?"

"नाय. कोपऱ्यावरनं बसेस येताना बघत होती."

स्वप्नाने फोन बेसिनच्या कडेवर ठेवला. निळ्या नळाची धार अजून चालूच होती. तिने तो बंद केला. मग आणखी काही करण्यासारखं नव्हतं म्हणून तांबडा सोडला आणि सवयीने बोट पुढे केलं.

पाणी थंड होतं.

तिने थर्मामीटर धरला. तेहतीस. झटकून पुन्हा धरला. तेहतीस. पन्नास लिटरचा गीझर. एका रात्रीत एवढा निवत नाही. दोन दिवस तरी लागतात. रविवारच्या कोमट पाण्याशी येऊन तिचा हिशेब थांबला.

गीझरचा खटका न्हाणीघराबाहेर, दाराच्या मागे होता. त्यातला दिवा केव्हाच गेला होता आणि खटक्यावर सात वर्षं ताहिराचा गाऊन टांगलेला असायचा. आज खुंटी रिकामी होती. खटका बंद होता आणि चुकून कोणी चालू करू नये म्हणून त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली होती, सलाइनची सुई हातावर पक्की करायला नर्सेस वापरतात ती. पट्टीवर निळ्या पेनने लिहिलं होतं.

स्वप्नाने ती लॅबमध्ये नळी वाचावी तशी वाचली. नाव: ताहिरा. तारीख: शनिवारची. वेळ: सकाळी सहा दहा.

उकाड्याने पट्टीचा एक कोपरा सुटला होता. स्वप्नाने तो अंगठ्याने दाबला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला. आत तांबड्या नळाचं पाणी वाहत होतं.