पाटीखाली राहिलेला बटाटा

मी बटाटा बोलतोय. बटाटा म्हटलं की तुम्हाला कुठल्याही भाजीत मिसळणारा मनमिळाऊ गडी आठवेल. मी मात्र आजवर कुणातच मिसळलो नाही. स्वभाव नव्हे, मला तसा नियमच होता.

माझी आई प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत वाढली. आमच्या एका रानटी नातलगाला करपा रोग होत नाही. त्याचा तेवढा गुण मॅडमनी आमच्यात उतरवला. मॅडम म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ. बारा वर्षं याच कामाच्या मागे लागलेल्या. मग कुंपणातल्या चाचणीच्या शेतात आमची लावण झाली. लांबवर दुसरा बटाटा नाही. मॅडमनी मुद्दाम आमच्यावर करपा सोडला. आमचं एकही पान काळं पडलं नाही. त्या दिवशी त्या बांधावर एकट्याच हसत उभ्या होत्या.

काढणीचे नियम कडक. प्रत्येक बटाटा खणायचा, वाफेत शिजवायचा आणि पुरायचा. खायचा नाही. पुढे वर्षभर त्या जमिनीत एकही रोप उगवलं नाही, तरच पुढच्या चाचणीला परवानगी. उगवलं तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. मॅडमच्या निवृत्तीला तेव्हा चौदा महिने उरले होते.

खणणाऱ्या मावशींचा हात पक्का. पण ओळीच्या नंबराच्या पाटीला धक्का लागता कामा नये, हे मॅडमनीच त्यांच्या डोक्यात इतकं भिनवलेलं, की त्या पाटीच्या कडेकडेनं खणत गेल्या. मी नेमका पाटीखाली. भाऊबंद गेले, मी राहिलो.

दर पंधरवड्याला वरून पावलं जायची.

"काही नाही ना, मावशी?"

"काही नाही, मॅडम."

मी आहे, असं ओरडावंसं वाटायचं. इतकं एकटं कुणी असू नये. पण मी वर आलो तर मॅडमचं वाटोळं होणार, हेही कळत होतं. पहिला कोंब मी दाबून धरला. दुसरा कुजला. तिसरा माझं ऐकेना.

अकराव्या महिन्यात, आज सकाळी, मी वर आलो. मावशी खालीच वाकल्या.

"मॅडम, उपटून टाकते. कुणाला कळतंय?"

मॅडमनी त्यांचा हात धरला. मग म्हणाल्या, "मावशी, उद्या लोक विचारतील, हे बटाटे पोराबाळांना घालायचे का? तेव्हा मी कोणत्या तोंडानं हो म्हणू?"

आणि त्यांनीच सरकारी तपासणीसाला फोन केला. आता नवं वर्ष मोजायला दुसरं कुणी असेल.

तपासणीस येईपर्यंत रोपाजवळून हलायचं नाही, असाही नियम आहे. मावशींना त्यांनी घरी पाठवलं. स्वतः चपला काढून मातीत बसल्यात. मधूनच डोळे पुसतात. मॅडम, मला माफ करा.

त्याला यायला दोन तास लागतील म्हणे. येऊ दे सावकाश. माझ्याशेजारी कुणी बसायची ही पहिलीच वेळ आहे.