फुलवालीच्या सुरीचं म्यान

यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर माझी जीभ झडून या मांडीवर पडेल. बघा, मांडी मोकळीच ठेवली आहे. आता ऐका.

तुमचे आजोबा सुऱ्या करायचे आणि मी त्यांची चामड्याची म्यानं शिवायचे. एकच खोली, दोन टोकांना दोन बाकं, मधे भट्टी. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी मला निरखून पाहिलं ते एकदाच, माझ्या केसांत ठिणगी पडली तेव्हा.

आणि मग आली ती फुलवाली. कोपऱ्यावर नवं दुकान टाकलं होतं तिनं. दात हे असे पुढे, तिच्या आधी दारात शिरायचे. देठ कापायला सुरी हवी म्हणाली. आजोबांनी मेणाचा गोळा ऊन केला, तिच्या हातात दिला आणि वरून स्वतःच्या हातानं तिची बोटं दाबली. मुठीचं माप असंच घेतात, मला काय माहीत नाही? पण दाबायला किती वेळ लागतो? तेवढ्यात मी एका म्यानाची अख्खी शिवण घातली. वर ती त्यांना 'दादा' म्हणायची. त्या 'दादा'ला इतकं लांब शेपूट, की ती रस्त्यावर पोचली तरी शेवटचा 'आ' आमच्या खोलीतच फिरत असायचा.

सुरी झाली. तशी मूठ त्यांनी जन्मात घडवली नव्हती. म्यानाचं काम माझ्याकडे आलं. म्यान करताना पात्याला मेणकागदाचे दोन वेढे घालायचे, वरून ओलं चामडं दाबून बसवायचं, वाळलं की कागद काढायचा. चामडं वाळताना आवळतं; त्या दोन वेढ्यांची जागा राहते म्हणून सुरी निघते. मी कागद घातलाच नाही. गंजू नये म्हणून पात्याला तेल तेवढं चोपडलं, पात्याशी माझं भांडण नव्हतं. म्हटलं, वैतागेल आणि दुसरा सुरीवाला बघेल.

दुसऱ्या दिवशी बया हजर. सुरी निघेना. शेजारच्या धिप्पाड वाण्यानं दातओठ खाऊन ओढलं, तर हात सटकून तो उलटा उडाला तो थेट रस्त्यापलीकडे न्हाव्याच्या खुर्चीत. न्हाव्यानं त्याची अर्धी मिशी उतरवली तेव्हा कुठे भानावर आला. शेवटी आजोबांनी अंगठ्यानं म्यान दाबत दाबत सुरी सोडवली. तासभर लागला, आणि तासभर ती शेजारी बसून हसत होती.

पुन्हा म्यानात गेली की पुन्हा अडकायची, आणि अडकली की ही यायची. आठवड्यात चारदा. येताना फुलं आणायची, आणि आजोबा ती ठेवायचे कुठे? तापलेलं पातं थंड करायच्या बादलीत. त्याच बादलीत मी एकदा हात धुतले होते तर दोन दिवस अबोला धरला होता. आता फुलं सुकेपर्यंत पाती ताटकळायची. तिच्यासाठी रस्ता मीच बांधून दिला होता हो.

पाचव्या खेपेला तिनं विचारलं, "दादा, चूक नक्की कुणाची?"

आजोबांनी शिवण उसवली, आत बोट फिरवलं. कागद घातलेला असला की चामड्याला आतून बारीकसा वळ उठतो. वळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली आरी थांबली. लोक माझं म्यान डोळे मिटून घ्यायचे. एका वाक्यात ते नाव गेलं असतं, आणि बायको जळकी म्हणून गल्लीभर झालं असतं ते वेगळंच.

"माझी," ते म्हणाले. "पातं जाड झालं."

तसं कबूल करण्यापेक्षा एरवी त्या माणसानं भट्टीत उडी घेतली असती.

ती सुरी ठेवून गेल्यावर ते म्हणाले, "कागद संपला होता का गं?"

"माझ्या हाताचं माप घेतलंत कधी?"

त्यांनी उसवलेलं म्यान माझ्या बाकावर ठेवलं. "तू सुरी मागितलीस कधी?"

मी त्या सुरीचं नवं म्यान करायला बसले. एक वेढा, दुसरा वेढा. तिसरा घातला असता तर म्यान सैल होऊन सुरी वाटेतच कुठेतरी गळून पडली असती, त्या लाडक्या मुठीसकट. कागद हातात धरून बसले होते. पण ते 'माझी' कानात वाजत होतं ना. कागद चुरगाळला आणि भट्टीत टाकला. दोनच वेढे.

वळून बघते तर माझ्या बाकावर मेणाचा गोळा, ऊन केलेला. आजोबा पाठ फिरवून भाता ओढत होते.

"आणि दाबणार कोण?" मी म्हणाले.

आले. दाबलं. मी मनात मोजत होते. तिच्यापेक्षा जास्त झाल्यावरच हात सोडला.

झाली गोष्ट. थांबा, जीभ जरा वळवळायला लागली. वाणी उडाला ते खरं, मिशीही खरी. तिचे दात मात्र पुढे नव्हते. चांगले होते मेलीचे. सगळेच्या सगळे, एका ओळीत.