उजळलेले दोरे

"ताई, या पेशींना ख्वान असतो का हो?"

बायखावनं एका दमात विचारून टाकलं. मागं तिच्या वर्गातल्या मुक आणि पिआंग तोंडावर हात दाबून फसफसत होत्या. "विचारून दाखव, कच्च्या पपईचं सोमतम माझ्याकडून, तिखट तू सांगशील तेवढं," अशी पैज मुकनं शाळेच्या बसमध्येच लावून ठेवली होती. ख्वान म्हणजे अंगातला जीव. घाबरला, दमला की निसटून जातो, मग घरातली मोठी माणसं मनगटाला पांढरा दोरा बांधून त्याला परत बोलावतात. बायखावच्या मनगटावर तसला दोरा होताच. हल्ली बॅडमिंटनच्या शेवटच्या गेमला तिचे पाय शिशाचे व्हायचे, म्हणून आईनं बांधलेला.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली कानदाताई हसली नाही. "ख्वानाचं मला नाही ठाऊक गं. पण दम जाताना दिसतो. बघायचंय?"

तिनं दिवा मालवला. पडद्यावर तांबूस दोरे उजळले, लांबच लांब, सावकाश वळवळणारे.

"या तंतुकणिका. पेशीला ताकद पुरवतात त्या. आधीचे रंग, त्या थकल्या की गळून जायचे. पडदा काळा! पुढं काय झालं, कळायचंच नाही. हा नवा रंग चिकटून बसतो, दिवसचे दिवस. शेवटपर्यंत बघता येतं."

"ई, भुताचा सिनेमाच की!" पिआंग म्हणाली.

"उजेड मात्र जपून द्यायचा. जास्त झाला तर आपल्या बघण्यानंच मरतात बिचाऱ्या."

मग तिनं दुसऱ्या बशीतल्या पेशींचं चित्रण लावलं. दोरे इथंही होते. चित्र भरभर पळू लागलं तसे ते तुटत गेले, आणि माळ तुटून मणी सांडावेत तसे नुसते ठिपके उरले. रंग तसाच, लखलखीत. बायखावला त्या लखलखाटाचीच भीती वाटली.

"या कुणाच्या पेशी?"

"एका बाईच्या. नाव आम्हालाही सांगत नाहीत. आधी पापण्या जड झाल्या, मग जिना चढवेना. आईकडून येतं हे. मुलगा असो की मुलगी."

"चला, तिखट किती ते बोल!" मुकनं कोपर मारलं.

बायखावला ऐकूच गेलं नाही. तिला आई दिसत होती, हनुवटी वर करून, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी टीव्ही बघणारी. बाबा तिला 'राणीसरकार' म्हणून चिडवायचे. मामाही तसाच बघायचा. पुढं तो जिना सोडून खालच्या खोलीत झोपू लागला आणि तिथंच गेला. त्याच्या हाताला तर कोपरापर्यंत दोरे होते.

सगळ्या बाहेर पडल्यावर ती मागं रेंगाळली. "ताई, माझ्यातलं दिसेल?"

कानदाताईनं तिच्याकडे नीट बघितलं. "डॉक्टरांमार्फत यावं लागेल, ते दंडाच्या कातडीचा बारीक तुकडा काढून आमच्याकडे पाठवतात. आईबाबांची संमती हवी. आणि बाळ, एकदा बघितलं की बघितलं नाही असं करता येत नाही."

सोमतम तिनं खाल्लंच नाही.

रात्री जेवताना आईनं चिकट भाताचा गोळा तिच्यापुढं सरकवला आणि हनुवटी उचलून तिच्याकडे बघितलं. "जेवत का नाहीस? दोरा सैल झालाय वाटतं. आण, दुसरा बांधते."

"बांध," बायखाव म्हणाली. तिनं मनगट पुढं केलं. "पण बाबा, आई, मी दंडाच्या कातडीचा तुकडा तपासायला देणार आहे. मामाला काय झालं होतं ते मला कळायला हवं. तुम्ही दोघांनी हो म्हणायचं. आणि आई, माझ्यानंतर तूही द्यायचास."