पुट्टीखाली काय होतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. जुनी आणि गंजलेली. दुसरा शब्द मी स्वतःच म्हणून टाकते. माणसं तो माझ्या तोंडावर म्हणत नाहीत, माझ्यामागे जाऊन म्हणतात. गाडीला मागेही काच असते हे त्यांच्या ध्यानात राहत नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी गडद हिरवी होते. मालकांनी मला लग्नाच्या आधी घेतलं. हे त्यांच्या पत्नीला शेवटपर्यंत खटकत राहिलं. "आधी ती आली, मग मी," असं त्या पाहुण्यांना हसत सांगायच्या, पण ते हसू ओठांच्या पलीकडे जात नसे. मालकांची मुलगी जन्मल्यावर माझ्यातूनच घरी आली, माझ्याच मागच्या सीटवर ओकली, माझ्याच पुढच्या सीटवर धडे पाठ करत परीक्षेला गेली. एवढं होऊन तिने मला एकदाही थोपटलं नाही. मालक मात्र रोज थोपटायचे. माणसांचा हिशेब मी असाच मांडते. कोण किती बसलं ते एका बाजूला, कोणी किती पुसलं ते दुसऱ्या. बहुतेकांकडे बाकी निघते.

गंज पहिल्यांदा आला तो पायाखाली, रबरी चटईच्या आड, जिथे कुणी बघत नाही. मग तो दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरला. तिथे भोक पडलं तेव्हा एका रंगाऱ्याने आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून पुट्टी थापली, घासली आणि रंग मारला. काम इतकं सफाईदार झालं की रस्त्यात लोक थांबून म्हणायचे, "गाडी काय ठेवलीय तुम्ही." मालक फुलून जायचे. मी मात्र धास्तावायचे. ज्याला आपण आतून पोकळ आहोत हे ठाऊक असतं, त्याला शिव्यांपेक्षा कौतुकाची भीती जास्त वाटते.

पुढे मालकांचं फिरणं कमी झालं आणि मी शेडमध्ये राहू लागले. थंडी लागू नये, धूळ बसू नये म्हणून त्यांनी माझ्यावर जाड प्लास्टिक घातलं, कडा दोरीने आवळल्या. मित्रांनो, त्या प्लास्टिकखाली दमट हवा कोंडून राहायची आणि रात्री माझ्याच अंगावर पाणी होऊन बसायची. इतक्या मायेने आजवर कोणी कोणाला कुजवलं नसेल. मधूनमधून मुलगी विचारायची, "बाबा, त्या गाडीचं काय करायचं?" मालक म्हणायचे, "बघू." माणसांच्या भाषेत त्या शब्दाइतकं भीतिदायक काही नाही. 'नाही' म्हटलं तर निदान रडता येतं.

शेवटी घर विकलं गेलं. मालकांना मुलीकडे राहायला जायचं होतं, आणि शेड घराबरोबर गेली.

"माझ्याकडे एकाच गाडीची जागा आहे," मुलगी म्हणाली, "आणि तिथे चालणारी गाडी उभी असते."

"हीसुद्धा चालेल. मिस्त्रीला बोलावलंय मी."

"मी भंगारवाल्याला बोलावलंय."

दोघेही एकाच सकाळी आले. भंगारवाल्याचा ट्रक फाटकाशी थांबला. ट्रकच्या पाठीवर लोखंडी हात होता आणि हाताला आकडा. आत माझ्याच जातीची एक गाडी पडली होती, पण चेपून ती आता गुडघ्याएवढीच उंच उरली होती. तिचा एक दिवा शाबूत राहिला होता आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता. माझ्या टाकीत थेंबभर पेट्रोल नव्हतं, नाहीतर ते तिथेच सांडलं असतं.

"सावकाश होऊ द्या," भंगारवाला सीटवर रेलून म्हणाला. "माझं गिऱ्हाईक पळून जात नाही."

मिस्त्री गोड बोलणारा माणूस. माझ्याभोवती एक चक्कर मारून त्याने निकाल दिला, "साहेब, थोडी पुट्टी, दोन हात रंग, इंजिनाची साफसफाई. आठ दिवसांत आरसा करून देतो. त्यात बघून दाढी करा."

मालकांचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणखी एकदा लपायला मिळणार होतं.

पण त्या दिवशी मालकांची थोरली बहीण आली होती. उभा जन्म दातांची डॉक्टर म्हणून काढलेली, लोकांच्या तोंडात वाकून त्यांची खोटी आश्वासनं ऐकलेली बाई. घरात सगळे तिला आत्या म्हणायचे.

"छोट्या, चटई उचल," आत्या म्हणाल्या. छोट्या म्हणजे माझे मालक. वय सत्तर, दारातून आत येताना डोकं वाकवावं लागणारे.

"बघू गं ताई, आधी मिस्त्रीला..."

"बघू नको. बघ."

मालक हलले नाहीत. तेव्हा आत्यांनीच पिशवीतून दात तपासायचं आपलं एक जुनं स्टीलचं हत्यार काढलं, टोकाला वाकडं आणि बारीक, आणि त्याच्या मुठीने मला ठोकायला सुरुवात केली. बॉनेटवर टण. मडगार्डवर टण. मग त्या दाराखाली आल्या. मी सगळे नटबोल्ट आवळून धरले. ढब.

"इथे लोखंड नाही," आत्या म्हणाल्या, आणि टोक आत घातलं. पुट्टीची खपली सुटली. मागून ओला, काळा पडलेला कागद बाहेर आला. मिस्त्री एकदम आपल्या चपलांकडे बघू लागला. मुलगी हसणार होती, पण वडिलांचं तोंड बघून थांबली.

"म्हणजे संपलं," मालक हळूच म्हणाले.

"कीड वरून दिसते त्याहून आत जास्तच असते. पण दात काढायचा की ठेवायचा हे मी चकाकीवरून ठरवलं नाही कधी. मूळ बघून ठरवलं. हिचं मूळ कुठे असतं, मिस्त्री?"

"चासी, डॉक्टरीणबाई. खालचा सांगाडा. सगळी गाडी त्यावर बसते."

मग आत्या त्या वयात सतरंजी अंथरून माझ्याखाली शिरल्या. मुलीने टॉर्च धरला. मित्रांनो, माझ्या खाली काय आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. तिथे मला आरसा नाही. आत्या खरवडू लागल्या तसे तपकिरी पापुद्रे पडायला लागले, मूठमूठ, आणि फाटकाशी भंगारवाल्याने ट्रक सुरू केला. आणखी पापुद्रे. मला वाटलं, मी अशीच खरवडून संपणार, आत काही नसणारच. मालक भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आणि मग खालून आवाज आला. टण. थोडं पुढे, पुन्हा टण.

आत्या बाहेर आल्या त्या केसांत गंज घेऊन. "मूळ शाबूत आहे. वरचं अर्धं कुजलंय. आता खरं बोल मिस्त्री, आठ दिवसांत काय होईल?"

मिस्त्रीने मान खाजवली. "आठ दिवसांत दिसायला होईल. दोन वर्षांनी हा ट्रक पुन्हा बोलवा. खरं काम करायचं तर कुजलेलं सगळं कापायचं, चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, नवा पत्रा जोडायचा. मी एकटा आहे, साहेब. माझ्याकडे नेतो तिला, पण वर्ष धरा. जास्तच."

अडचण त्या वर्षाचीच होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मालकांना गाडी चालवायला या वर्षापुरतीच मोकळीक दिली होती, आणि तीही दिवसाउजेडी. पुट्टी लावली तर ते मला पुढच्याच आठवड्यात चालवणार होते. कापलं तर मी जगणार होते, पण त्यांच्या हाताखाली नाही.

"बाबा, लावा पुट्टी," मुलगी म्हणाली. सकाळी ट्रक बोलावणारी तीच. "चालवा वर्षभर. माझी गाडी मी रस्त्यावर लावीन. मग बघू."

मीही मनात तेच म्हणत होते. कापण्याच्या कल्पनेने माझा पत्रा थरथरत होता. एवढं कापल्यावर जी उरेल ती मी असेन का, हेही कोणी सांगत नव्हतं.

मालकांनी मिस्त्रीकडे हात पुढे केला. "खडू आहे?"

त्यांनी स्वतः चटई उचलली. भोकातून खालची जमीन दिसली. ती बराच वेळ बघून त्यांनी भोकाभोवती गोल काढला, भोकापेक्षा मोठा, चांगल्या पत्र्यातून फिरवून. मग दाराखाली. मग डिकीत. प्रत्येक गोलाला मी शहारत होते, आणि एकही गोल धड गोल आला नाही.

शेवटी ते त्यांच्या दारापाशी आले. काचेखालच्या कडेवर एका जागी रंग उडून पत्रा गुळगुळीत झाला होता. वर्षानुवर्षं त्यांचं कोपर तिथे टेकलेलं असायचं. आत्यांनी तिथे टोक लावलं. ते आत गेलं.

मालकांनी खडू त्या जागेवर ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. मग गोल काढला.

"हे शेवटी काप," ते मिस्त्रीला म्हणाले.

मुलगी फाटकाकडे चालत गेली आणि तिने ट्रकला जायला सांगितलं.

आता मी मिस्त्रीकडे चार ठोकळ्यांवर उभी आहे. कापण्याचं यंत्र सुरू झालं की अजून घाबरते. मालकांची मुलगी रविवारी येते, तिने गंज घासायला घेतला आहे. तिच्या नावावरची बाकी हळूहळू फिटते आहे, पण हे मी तिला कळू देणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला नुसतं झाकून ठेवू नका. वरचेवर उघडून बघा. काही वाईट सापडेल म्हणून बघायचं टाळलंत, तर ते वाईट तुमची वाट बघत थांबत नाही, वाढतं.

बाकी सगळे गोल कापून झाले. उद्या दाराची कड. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुम्ही नाही आलात तरी चालेल." मालक म्हणाले, "मी येतो. समोर उभा राहतो."