दुसरा ठोका

यंत्र पास की नापास, एवढेच मला लिहून द्यायचे होते. पास म्हटले तर तपासणीच्या बाकावरच्या सहा बायकांचे काम महिनाअखेरीस संपणार होते. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात तसे स्पष्ट नमूद होते. ‘स्वतंत्र परीक्षकाचा अहवाल अनुकूल आल्यास’ या शब्दांतली स्वतंत्र परीक्षक म्हणजे मी.

कारखाना चिनी मातीचे इन्सुलेटर बनवतो. खांबावर विजेची तार ज्यांच्या आधाराने राहते, त्या पांढऱ्या चकचकीत वस्तू. भट्टीतून निघालेल्या एखाद्या नगाच्या पोटात केसाएवढी भेग राहते. ती डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. बायका प्रत्येक नगाला लाकडी हातोडीने ठोकतात. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे.

सहा महिने बाकावर मायक्रोफोन होता. बायका ठोकत होत्या आणि यंत्र ऐकत होते, कुठला नग कुठल्या बाजूला जातो ते टिपत होते. आता शंभरातल्या नव्व्याण्णव नगांवर दोघांचे मत जुळत होते. व्यवस्थापक हा आकडा नव्या जावयाच्या पगारासारखा सांगत असे. इतका देखणा आकडा समोर आला की मला आधी मोजण्याच्या पद्धतीचा संशय येतो.

बाकावर सर्वांत जुनी होती तिला सगळे अक्का म्हणत. शेजारी तिची धाकटी जाऊ बसे.

“मॅडम, आमचा कान तपासायला आलात की त्याचा?” मायक्रोफोनकडे हनुवटी उडवत अक्काने विचारले.

“त्याचा.”

“मग बरंय.”

“जाऊबाईंचा कान तपासायला नकोच,” धाकटी म्हणाली. “भिंतीपलीकडचं ऐकतात. घरात मला पुटपुटायची सोय नाही.”

“तू पुटपुटतेस? तू सभा घेतेस!”

दोन दिवस मी ध्वनिमुद्रणे ऐकली आणि काहीच हाती लागले नाही. तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून नुसते आलेख पाहिले. उजवीकडे गेलेल्या नगांच्या आलेखात एकच उंच रेघ होती. डावीकडे गेलेल्यांच्या आलेखात जवळजवळ नेहमीच दोन होत्या. दुसरी बुटकी, अर्ध्या सेकंदाने उठणारी.

मी बाकाशी गेले. “अक्का, नग बद्द वाजला की तुम्ही दोनदा ठोकता?”

“छे! एकदाच. दोनदा ठोकायला वेळ कुणाला आहे?”

मी उभी राहिले. अकरावा नग बद्द निघाला. तिचा हात पुन्हा हलकेच खाली आला, आणि हवेतच थबकला.

“अगं बाई!”

“इतकी वर्षं ठोकताय,” धाकटी हसत सुटली, “आणि हाताचा उद्योग कानाला ठाऊकच नाही!”

“तुझा हात बघ आधी,” अक्का म्हणाली. पुढचा बद्द नग ठोकताना धाकटीने पाहिले, आणि तिचे हसू थांबले. बाकीच्या पाचही जणी अक्काच्याच हाताखाली शिकलेल्या. सवयही तिथूनच आली होती.

अक्काने थोडा विचार केला. “पहिल्या ठोक्याला नग बोलतो. दुसऱ्याने बहुतेक मी विचारते, नक्की ना?”

यंत्राने भेग ऐकलीच नव्हती. त्याने अक्काची शंका ऐकली होती. चाचणीतही ठोके बायकांचेच असल्यामुळे हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मी हातोडी यांत्रिक बाहूला बांधली, प्रत्येकी एकच ठोका ठरवला आणि दोनशे नग पुढे सरकवले. त्यांतल्या एकतीस नगांत भेग असल्याचे मी आधीच वेगळ्या चाचणीने पक्के केले होते. यंत्राने चार पकडले.

नापास लिहिणे सोपे होते. अडचण कारणाची होती. कारण लिहिले की दुरुस्ती उघड होती: बायकांना एकेकच ठोका मारायला लावून पुन्हा ध्वनिमुद्रणे करायची. मग कदाचित यंत्र खरोखर शिकले असते. कारण दडवले तर या सहा जणींना आणखी काही वर्षे मिळाली असती, पण माझ्या अहवालाला अर्थ उरला नसता. मी हे अक्काला जसेच्या तसे सांगितले. परीक्षकाने असे करायचे नसते, हे मला माहीत होते.

“लिहा,” ती म्हणाली. “खोटं लिहिलंत तर पुढच्या वेळी तुमच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवील? फक्त त्याला कोण शिकवत होतं, तेही लिहा. सहा महिने आम्ही नग तपासत होतो असं सगळे म्हणतात. त्याची शिकवणीही घेत होतो, हे कुणी लिहिलंय?”

मी ते लिहिले: ‘यंत्राचे आतापर्यंतचे सर्व प्रशिक्षण या सहा कामगारांच्या श्रमातून झाले आहे. करारात या कामाचा उल्लेख नाही.’

व्यवस्थापकाने पहिला भाग दोनदा वाचला आणि शेवटच्या दोन वाक्यांखाली पेन्सिल ओढली.

“ही गाळा. तांत्रिक अहवालात याचं काय काम?”

“प्रशिक्षणाची माहिती कुठून आली, हा तांत्रिक मुद्दाच आहे. ती गाळून माझी सही मिळणार नाही.”

तो तडक बाकाशी गेला. “उद्यापासून सगळ्यांनी एकेकच ठोका मारायचा. नेहमीच्या कामातच धरू.”

“नग तपासणं आमचं काम,” अक्का म्हणाली. “ते करतो. शंका आली की पुन्हा ठोकून बघायचं, हेही आमचंच काम. त्याला शिकवायचं असेल तर वेगळं बसून बोलू.”

“बरं, तुम्ही या वर. बोलू.”

“मी एकटी?” तिने हातोडी बाकावर ठेवली. धाकटीने ठेवली. मग उरलेल्या चौघींनी.

ठोके थांबल्यावर त्या दालनात भट्टीच्या पंख्याची घरघर असते, हे मला प्रथमच ऐकू आले. भट्टीतून नगांची गाडी आली आणि बाकाशी उभी राहिली. मागे दुसरी आली.

व्यवस्थापकाने गाड्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग तो जिन्याकडे वळला, आणि सहाही जणी मागोमाग निघाल्या.

वर त्याच्या खोलीत टेबलासमोर दोनच खुर्च्या होत्या. सहाही जणी उभ्या राहिल्या. अखेर त्याने दार उघडून शिपायाला आणखी चार खुर्च्या आणायला सांगितले.