पाठमोरी फेरी

सकाळी साडेनऊला होडीच्या इंजिनाने तिसऱ्यांदा तोच आवाज केला. पंखा पाण्याच्या पिंपात बुडवून पुढचा गिअर टाकायचा, वेग वाढवायचा, की खाड्! पंखा थांबायचा आणि इंजिन नुसतंच बोंबलत राहायचं.

"केबल नाही," मेकॅनिक म्हणाला. तो नावाड्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. "ती कालच घट्ट केलीय मी."

"मग काय?"

"बघतोय ना, दाजी. डोक्यावर उभे राहू नका."

नावाडी दोन पावलं मागे सरकला आणि तेवढीच पुन्हा पुढे आला. दुपारी दोनला त्याच्या बायकोला नदीपलीकडच्या इस्पितळात डायलिसिसला पोहोचायचं होतं. आठवड्यातून तीन वेळा जावं लागे. मागच्या महिन्यात एक खेप चुकली तेव्हा तिच्या छातीत पाणी साठलं आणि तीन रात्री तिने बसून काढल्या. पूल दुरुस्तीसाठी बंद होता आणि वळशाचा रस्ता पाच तासांचा. धक्क्यावरच्या इतर होड्या पुलाच्या कंत्राटदाराने आठवडाभरासाठी नेल्या होत्या. वल्ही होती, पण पाण्याला ओढ होती आणि थोडं खाली बंधारा. काल केबल घट्ट केल्यावर नावाडी एकटाच होडी घेऊन गेला होता. मध्यावर गिअर सुटला आणि होडी बंधाऱ्याकडे किती सरकली, हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

मेकॅनिकने पंख्याच्या मधल्या नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूची रेघ ओढली. आतलं रबर सरकत असेल तर रेघ तुटेल. इंजिन चालवलं, बंद केलं, पंखा वर काढला. रेघ सरळ होती.

मग त्याने खालचा स्क्रू काढून गिअरचं तेल ताटलीत सोडलं. काळं तेल. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक होतं आणि त्याला लोखंडाचा कीस चिकटलेला. मेकॅनिकने तो बोटांत चोळून उन्हात धरला.

"बोल की."

"आत दातेरी चकत्या असतात. गिअर टाकला की एकीचे दात दुसरीत अडकतात. तुमच्या दातांचे कोपरे झिजलेत. जोर आला की निसटतात." त्याने बोटं पुसली. "लिव्हर कसा टाकता? दाखवा जरा."

नावाड्याने दोन बोटांनी लिव्हर हळूच सरकवला.

"गिअर टाकताय की बाळ पाळण्यात ठेवताय?"

"तुझ्या ताईला धक्का सोसत नाही. पहिल्या खेपेहून परतताना मी गिअर टाकला आणि ती किंचाळली. हातात नुकत्या सुया टोचलेल्या. तेव्हापासून जपूनच टाकतो."

"तेव्हापासून रोज दात घासताय त्याचे! तो खाट्कन मारायचा असतो, दाजी. हळू टाकला की कोपरे एकमेकांवर घासत बसतात."

"म्हणजे मीच केलं हे."

मेकॅनिकने स्क्रू परत बसवला. "चकती यायला दहा दिवस. रिव्हर्स बघू या. तो तुम्ही फारसा वापरत नाही."

नवं तेल भरून इंजिन चालवलं. निम्म्या वेगापर्यंत रिव्हर्स टिकला. पुन्हा पाहिलं, टिकला. साडेअकरा वाजले होते.

साडेबाराला बायको पिशवी घेऊन धक्क्यावर आली. पाय सुजल्यामुळे चपलांचे पट्टे सोडलेले.

"झालं का?"

"झालं, ताई. फक्त मागे मागे जायचंय. खेकड्यासारखं."

"खेकडा आडवा जातो."

"बरं बाई! तू नाकाड्यावर बस. पुढे वजन असलं की मागून पाणी कमी शिरेल."

एरवी ती नावाड्याशेजारी बसायची. आज होडीच्या दुसऱ्या टोकाला बसली. रिव्हर्समध्ये इंजिन वर उचललं जाऊ नये म्हणून मेकॅनिकने त्याचा आकडा अडकवला, वर दोरी आवळली आणि हातात डबा घेतला.

एक वाजता होडी पाठमोरी निघाली. मध्यावर ओढ वाढली तशा लाटा मागच्या फळीवरून आत येऊ लागल्या. मेकॅनिक उपसत होता. डब्याला भोक होतं. नावाडी बंधाऱ्याकडे पाहायचं नाही असं ठरवून बसला होता, पण दर थोड्या वेळाने मान वळतच होती. एकदा इंजिन अडखळलं. मग ते पुन्हा लागलं.

आठ मिनिटांच्या फेरीला तीस मिनिटं लागली. पलीकडचा दगडी धक्का जवळ आला. आता होडी थांबवायला पुढचा गिअर हवा होता, नाहीतर इंजिनच दगडावर आपटणार. नावाड्याची दोन बोटं लिव्हरवर गेली. त्याने तो हळूच सरकवला. करकर करकर! दात लागेनात. धक्का तीन हातांवर आला.

"एकदम, दाजी!"

त्याने लिव्हर न्यूट्रलला आणला आणि बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मारा की!"

त्याने मूठ वळून लिव्हर मारला. खाट्! होडीला हिसका बसला, बायकोची पिशवी तळात पडली आणि धक्का हातभर राहिला असताना होडी थांबली.

"लागलं?" त्याने विचारलं.

"काही नाही." ती भावाच्या आधाराने पायरीवर उतरली.

"पहिल्या खेपेला ओरडली होतीस."

"तेव्हा पायावर पेट्रोलचा डबा पडला होता."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं हळुवार करत होतात. म्हटलं, असू दे." ती दोन पायऱ्या चढून दम खायला थांबली. "किती वाजले?"

"एक पस्तीस."

"मग चला की. पिशवी घ्या."

सहा वाजता असंच पाठमोरं परतायचं होतं. भाऊ बिनभोकाचा डबा शोधायला गेला. नावाडी पिशवी घेऊन, तिच्या एक पायरी मागून चढू लागला.