यमुनेचं बटण

नरेंद्रने पडद्यावरचं करडं बटण माउसने ओढून चांगलं पाटाएवढं केलं आणि त्यावर पाण्याच्या पेल्याचं चित्र बसवलं.

"यमू, हे बघ. तहान लागली की हे दाबायचं. आपल्या मैत्रेयीच्या आवाजात 'पाणी' ऐकू येईल."

खुर्चीतल्या यमुनेने बटणाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

दिवाळीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डावा हातही चालत होता, शब्द तेवढा फुटत नव्हता. नरेंद्र लखनऊच्या एका संशोधन संस्थेत प्रोग्रामर. तेलीबागच्या घरी त्याने कॉम्प्युटर आणून मांडला तो एवढ्यासाठीच, की बायको पुन्हा आपल्याशी बोलावी. बटण निळं करून झालं, पिवळं करून झालं. दाबल्यावर ते खरंच आत गेल्यासारखं दिसावं म्हणून त्याने कडांची सावलीसुद्धा उलटी केली. पाणी, औषध, संडास, दुखतंय. बाई ढिम्म हलेनात!

"हिला यंत्राचाच राग आहे," तो वैतागून म्हणाला.

मैत्रेयी चहा घेऊन मागे उभी होती. या मुलीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत.

"बाबा, आई ने आपसे कभी कुछ माँगा है क्या? वो तो बस डाँटती थीं."

खरंच की! लग्न झाल्यापासून या बाईने त्याच्याकडे कधी पेलाभर पाणी मागितलं नव्हतं, आणि आता तो तिला दिवसभर मागायला बसवत होता. नरेंद्रला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने पेला, गोळी वगैरे चित्रं बारीक करून कोपऱ्यात सारली. मधोमध एक लालभडक बटण केलं. त्यावर मराठी अक्षरं धड उमटेनात, म्हणून ती चित्रासारखी हाताने काढली : 'अहो, काय हे!' मैत्रेयीने आवाज भरला, अगदी आईच्या ठसक्यात. यमुनेला कुणी काही समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयी कॉलेजला गेली. नरेंद्र बाजारातून आला आणि मटारची मातकट पिशवी त्याने सवयीने पलंगावर, धुतलेल्या चादरीवर टेकवली.

"अहो, काय हे!"

तो दचकून वळला. यमुनेचा डावा हात माउसवर होता आणि भुवया चांगल्याच चढल्या होत्या.

नरेंद्रचे डोळे भरून आले. पण त्याने पिशवी उचलली नाही. चपला न काढताच तो तिच्यासमोर जाऊन बसला आणि वाट पाहू लागला.